माठाखालचे पाव्हणे

१४ मे १९६४. माठाखालची वाळू बदलायची होती. खुरपं घेऊन बसले आणि कुंपणावरून हाक मारली, "भाऊजी, तुमचे पाव्हणे उचला!"

शेजारचे गावंडे अर्धी दाढी टाकून धावत आले. एका गालावर साबण, हातात ओला पंचा. "हळू, वहिनी! धक्का नका देऊ. लय दुरून आले ते."

पाव्हणे म्हणजे वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या चार बाटल्या. त्यांत रत्नागिरीच्या समुद्रातले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. गावंडे इथे अमरावतीच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला. समुद्राकडे म्हणून जे काही गेले, ते अकोल्यापर्यंत. पण मुलगी शालू रत्नागिरीला संशोधन करते. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आली, तेव्हा जास्तीचे नमुने ठेवून गेली. "बाबा, सांभाळा. पुढच्या सुट्टीत येऊन नेते." आमच्या उन्हाळ्यात थंड जागा एकच, माझा माठ.

मी एकदा विचारलं, "कॉलेजातले बेडूक फॉर्मालिनमध्ये ठेवता, मग हे काहून नाही?"

"फॉर्मालिननं बेडूक टिकते वहिनी, पण याइचं चुन्याचं कवच विरते. शालूले त्या कवचावरून याइची कुळी, म्हंजे जात, पाहाची हाये."

म्हणून स्पिरिट. आणि दिवस दारूबंदीचे! कोणीतरी चुगली केली, आणि एक शिपाई वास घेत थेट माझ्या माठापाशी. गावंड्यांनी परवाना तर दाखवलाच, वर त्याला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"अरे बाप्पा! याले तं मिशा हाये!"

तासभर उठेना. शेवटी मीच चहा पाजून घालवला. जाताना मलाच दटावून गेला, "जपा बरं याइले."

स्पिरिट किती उडालं ते कळावं म्हणून प्रत्येक बाटलीला पातळीच्या खुणेचा दोरा बांधलेला. रोज सकाळी बाटली उजेडात धरून गावंडे विचारणार, "बरे हाये ना बे?" भाच्याच्या लग्नाला अकोल्याला गेले, ते अक्षता टाकून, पंगत सोडून परत. का, तर एक बूच ढिलं वाटलं होतं.

"दोन सुट्ट्या गेल्या, भाऊजी," मी म्हटलं. "शालू नेणार केव्हा?"

ते बाटली फिरवत राहिले. आतल्या चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण, शालूच्या अक्षरात. स्पिरिटात शाई विरघळते म्हणून पेन्सिलीनं लिहिलेलं.

"तिचं काम मागंच झालं. फेकून द्या म्हणून पत्र आलं होतं."

"मग ठेवल्या काहून?"

गालावरचा साबण वाळून गेला होता.

"न्याले येतो म्हणाली होती ना. फेकल्या म्हणून कळवलं, तं मंग कायले येईन?"

मी वाळू चाळायला घेतली.

१५ मे. सकाळी माठाखाली नवी वाळू टाकली, चारही बाटल्या गळ्यापर्यंत पुरल्या आणि शालूला कार्ड टाकलं : 'तुझ्या बाटल्यांनी माझ्या माठाची जागा अडवली आहे. तुझे बाबा फेकू देत नाहीत. स्वतः येऊन ने. दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही.'