जुना पायथन काढला त्याची गोष्ट

आमच्या लिनक्स सर्व्हरवर सॉफ्टवेअरचं कुठलं पॅकेज कुठे बसलंय, हे मला झोपेतून उठवून विचारा, असं मी सगळ्यांना सांगत असे. कुणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी.

बर्गनमधलं आमचं मत्स्यसंशोधन केंद्र छोटंसं. सर्व्हर सांभाळायला मी एकटाच, आयविंद. त्या मंगळवारी मी सफाई काढली. आमचे सगळे प्रोग्रॅम ज्या भाषेत चालतात, त्या पायथनच्या दोन आवृत्त्या सर्व्हरवर नांदत होत्या. नवी असताना जुनी कशाला?

तरी मी जबाबदार माणूस. जेवणाच्या खोलीत जाऊन विचारलं, जुनं काढतोय, कुणाची हरकत? सगळे आनंदाने हो म्हणाले. ते कॉफीचं जुनं यंत्र काढायला हो म्हणत होते, हे मागाहून कळलं.

कमांड दिली. पाचशे बारा पॅकेजेस निघतील, चालेल का, असं सर्व्हरने विचारलं. केवढा हा कचरा, म्हणत मी होकार दिला. आलेख काढणारं गेलं, आकडेमोड करणारं गेलं, शेवटी नेटवर्क गेलं. आता सगळं परत आणायचं कुठून? विहिरीत उतरून मीच दोर कापला होता.

मग आठवल्या रागनहिल्डबाई. हेरिंग माशांची त्यांची सात वर्षांची मोजणी याच सर्व्हरवर होती, आणि अहवाल चार वाजता मंत्रालयात जायचा होता. घड्याळात अडीच. मी जिना चढून त्यांच्या खोलीत गेलो.

बाई खिडकीशी मोजा विणत बसल्या होत्या. मी सगळं कबूल केलं. त्यांनी टाके मोजून संपवले.

"माझा पायथन माझ्या फोल्डरात आहे, पॅकेजेससकट. त्याला तुझा हात लागत नाही."

"हे कधीपासून?"

"तू नोकरीला लागलास, त्या आठवड्यापासून."

पेनड्राइव्ह घेऊन त्या तळघरात उतरल्या, थेट सर्व्हरच्या पडद्यासमोर बसल्या. सव्वातीनला निकाल त्यांच्या खिशात होते. चारच्या आत अहवाल गेला.

मी बाकीच्यांची माफी मागायला निघालो, तर सगळे निवांत. नऊच्या नऊ जणांची अशीच वेगळी फोल्डरं होती. बाईंनी म्हणे कृती एका पानावर लिहून वाटली होती. वर मथळा: 'आयविंद कामावर असताना घ्यायची काळजी'.

बुडालं ते फक्त माझं. मला ते पान कुणी दिलंच नव्हतं.