खारट पाण्याचा संदर्भ

विज्ञानाचा डोलारा संदर्भांवर उभा असतो. मेश्राम सरांच्या घरी टीव्हीसुद्धा संदर्भांवरच उभा आहे. खाली जुन्या शोधपत्रिकांचे गठ्ठे आहेत, आणि बातम्यांपेक्षा ते जास्त विश्वासार्ह असल्याचं सर सांगतात.

सर गडचिरोलीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. पीएच.डी. समुद्री खेकड्यांवर. इथून समुद्र गाठायचा तर आधी अख्खं तेलंगण-आंध्र किंवा अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. सरांनी ते टाळलं. समुद्र त्यांनी वाचून काढला.

त्यांच्याकडे स्रोतांची उतरंड आहे. "पयले मूळ शोधनिबंध. मंग संग्रहालयातले नमुने, मंग जहाजाच्या नोंदी, मंग कोळ्यायचं बोलनं. सगळ्यात खाली वैयक्तिक संवाद. म्हंजे कोणी तरी आपल्याले तोंडी सांगतलं. चहाटपरीच ते."

एकदा आमचा शिपाई गजानन धापा टाकत आला. "सर, कॉलेजच्या मांगं वाघ हाय."

"तू पाह्यला?"

"नाई. बंडूनं पाह्यला."

"हा दुय्यम स्रोत झाला. बंडूले आन."

बंडू तेव्हा मोहाच्या झाडावर होता. सगळ्या कॉलेजानं दारं लावून घेतली. प्राणिशास्त्राचा वर्ग तेवढा पुराव्याअभावी चालू राहिला.

यंदा सरांचा निबंध एका पत्रिकेनं स्वीकारला. प्रोफेसरची बढती त्यावरच अडली होती. दुरुस्ती एकच होती, ती दाखवायला ते माझ्याकडे आले. पहिलंच वाक्य होतं, 'समुद्राचं पाणी खारट असतं', आणि पुढे कंसात, 'शांता मेश्राम, वैयक्तिक संवाद'.

शांतावहिनी म्हणजे सरांची बायको. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

"सर, हे तर कोणालाही माहीत असतं," मी म्हटलं.

"कोणालाही म्हंजे कोणाले? नाव सांगा."

मग सरच सांगू लागले. "लग्नानंतर रत्नागिरीले गेलो होतो. मी रेतीत बसून भरती-ओहोटीवर वाचून राह्यलो होतो. शांता गेली गुडघाभर पाण्यात. बोट चाटत आली अन् म्हने, अवो, लय खारट हाय, चाखून पाहा."

"मग?"

"मी म्हनलं, संदर्भ दे. हसली, अन् पुन्हा पाण्यात गेली."

"तुम्ही चाखलं का?"

"प्रकरण संपत आलं होतं," सर म्हणाले. "मंग गाडीची वेळ झाली."

पत्रिकेचा नियम असा, की वैयक्तिक संवाद छापायचा तर सांगणाऱ्याची लेखी संमती लागते. नाहीतर तो संदर्भ काढा. संपादकांनी नम्रपणे लिहिलं होतं, 'अशा सर्वज्ञात विधानाला संदर्भाची आवश्यकता नाही.'

सरांनी चष्मा पुसला. "काऊन नाई?" ते म्हणाले. "ती होती ना तिथं."

निबंध त्यांनी परत मागवला. यंदा ते सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त होतात.