फिरता आहेर

यंदाच्या प्रदर्शनात आपल्या कामापुढं थांबल्याशिवाय एकही माणूस पुढं सरकणार नाही, अशी पैज शिवांगीनं अख्ख्या वर्गाशी लावली होती! आणि का लावू नये? लातूरच्या त्या कला महाविद्यालयाच्या दालनात शेवटच्या वर्षाच्या मुलांची जी चित्रं टांगली होती, ती जवळजवळ सगळी कंधारच्या किल्ल्याची होती. सकाळचा किल्ला, संध्याकाळचा किल्ला, ढगाळ हवेतला किल्ला! प्रत्येक कामाखाली ‘प्रेरणा’ लिहायची होती आणि सगळ्यांनी एकमतानं लिहिलं होतं, ‘निसर्ग’. यज्ञेशनं तर दोन किल्ले काढले होते. एखादा बिघडला तर जवळ असावा म्हणून.

शिवांगीनं आईची ट्रंक उपसली. सिंधुबाईंच्या त्या ट्रंकेत लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेले टॉवेल आणि टोप्या गच्च भरल्या होत्या. हे टॉवेल कुणी वापरत नसतं. एका लग्नात घ्यायचे, दुसऱ्या लग्नात द्यायचे! अख्खा मराठवाडा फिरून आलेले, पण आजवर एकाचंही तोंड न पुसलेले टॉवेल! शिवांगीनं त्यांची माणसाच्या उंचीची रास रचली, वर टोप्या चढवल्या आणि खाली पाटी लावली : ‘फिरता आहेर. प्रेरणा : माझ्या आईची ट्रंक.’

शेषेराव सरांना तिनं ही कल्पना आधीच सांगितली होती. सर भडकले होते.

“ही कला हाय का कापडाचं दुकान? किल्ला काढ, माहूरचा डोंगर काढ!”

“किल्ले लई झाले सर.”

“नांदेडहून मालविका मॅडम परीक्षक म्हणून येणार आहेत. त्यांना काम पसंत पडलं नाही तर वर्ष जाईल तुझं!”

“जाऊ द्या. पण माझ्या कामानं जाऊ द्या, किल्ल्यानं नको.”

“मी असलं काम बघणारसुद्धा नाही!”

सर शब्दाचे पक्के. त्यांनी खरंच बघितलं नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

आवारात मंडप घातला होता आणि उद्घाटनाला डाळमिलवाले हणमंतराव प्रमुख पाहुणे होते. बोलावलं होतं त्यांना एकट्याला. आली जीपभर माणसं! सरांनी शाल आणली होती एक. ती त्यांनी घाईघाईत जीपमधून आधी उतरलेल्या रुबाबदार माणसाच्या अंगावर घातली. टाळ्या झाल्या. तो भीमा निघाला. भीमा म्हणजे हणमंतरावांचा ड्रायव्हर!

भीमाची शाल काढून घेता येईना आणि बाकीच्यांना तसंच बसवता येईना. प्रमुख पाहुणे रिकाम्या खांद्यानं बसलेत म्हणजे काय चेष्टा आहे? त्यापेक्षा महाविद्यालय बंद केलेलं परवडलं! सरांना दरदरून घाम फुटला. ते शेजारच्या दालनात धावले आणि समोर बघतात तर टॉवेल-टोप्यांची रास!

“वा! कुणीतरी शहाण्यानं तयारी करून ठेवलीय!” असं म्हणत सरांनी दोन्ही हातांनी रास कवटाळली.

त्या वेळी शिवांगी मंचावर पुढच्या रांगेत उभी राहून स्वागतगीत म्हणत होती. समोरून आपली कलाकृती सरांच्या कवेत चालत येताना तिनं पाहिली. तिचा सूर एकदम वर गेला. लोकांना वाटलं, पोरीचा गळा छान आहे! एक टॉवेल समोर बसलेल्या हणमंतरावांच्या खांद्यावर पडला, एक त्यांच्याबरोबर आलेल्या उदगीरच्या बसलिंगप्पांच्या. मग टोप्या सुरू झाल्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत शिवांगीनं दम धरला आणि तिसऱ्याला मंचावरून उडी मारली.

“काका, थांबा! ते द्या इकडं!”

“का म्हणून?” हणमंतराव गुरगुरले.

“ते माझं काम हाय! परीक्षेचं!”

“अंगावर पडलेला आहेर परत मागायली? पोरी, असला अपमान कोर्टातबी झाला न्हाई माझा!” असं म्हणून त्यांनी टॉवेल झटकला, आणि त्याच्या कोपऱ्यावरची बॉलपेनची अक्षरं त्यांना दिसली. कुठला आहेर कुणाकडून आला ते सिंधुबाई कोपऱ्यावर लिहून ठेवायच्या. चुकून ज्याचा त्यालाच परत जाऊ नये म्हणून. हणमंतरावांनी मोठ्यानं वाचलं, “‘शिवमचं लग्न. हणमंतराव डाळमिलवाले.’ आरं! हा तर मीच दिल्याला टॉवेल!”

शिवम म्हणजे शिवांगीचा थोरला भाऊ. मंडपात एकच गलका उठला. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. मालविका मॅडम आल्या होत्या!

सरांना आता सगळं उमगलं. त्यांचा चेहरा पडला. ते शिवांगीला बाजूला घेऊन कुजबुजले, “चुकलं माझं. पण वर्ष वाचव. यज्ञेशचा दुसरा किल्ला तुझ्या जागेवर लाव, खाली तुझं नाव टाक.”

यज्ञेश किल्ला घेऊन तयारच होता. भला मुलगा! शिवांगीनं त्या किल्ल्याकडं बघितलं. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

“दुसऱ्याच्या किल्ल्यावर माझं नाव? न्हाई लावणार! नापास करा, घरी बसवा, पण न्हाई!”

मग ती हणमंतरावांपुढं जाऊन उभी राहिली. “काका, आहेर तुमचाच. मला परत नको. पण तुम्हाला तक्रार करायची हाय ना? मॅडम यायल्यात. आत चला, तिथं बसा आणि खुशाल करा!”

“करणारच! भितो का कुणाला?”

तिनं सगळी मंडळी रिकाम्या जागेवर खुर्च्यांत बसवली. खाली ‘फिरता आहेर’ची पाटी तशीच होती. मॅडम आत आल्या, किल्ल्यांवरून नजर फिरवत इथवर आल्या आणि थांबल्या.

“बघा मॅडम,” हणमंतरावांनी तोंड उघडलं, “हा टॉवेल मी हिच्या भावाच्या लग्नात दिला, आज माझ्याच बोकांडी! चांगला कोरा टॉवेल होता!”

“कोरा कुठला?” बसलिंगप्पा उसळले. “मी तुमच्या वास्तुशांतीला दिलता तो!”

“आन् तुम्हाला कुणी दिलता?”

“मला... मेव्हण्यानं!”

“मेव्हण्याला मीच दिलता!” मागून भीमा ओरडला, शाल सावरत.

मॅडमनी आधी ओठ दाबून धरले, मग त्यांना राहवेना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर त्या हसल्या.

“कुणाचं काम हे?”

“माझं,” शिवांगी म्हणाली. “रचलं एक होतं, झालं दुसरंच. पण माझंच हाय.”

“पास,” मॅडम म्हणाल्या. “पहिल्या नंबरानं. आणि पुढच्या महिन्यात नांदेडच्या प्रदर्शनाला हे असंच आणायचं. माणसांसकट!”

शिवांगीनं घाबरत हणमंतरावांकडं बघितलं. त्यांनी मिशीवर हात फिरवला.

“नांदेडला येऊ की. पण टॉवेलवर न्हाई. शाल पाहिजे! समद्यांना!”

एवढ्या शाली आणायच्या कुठून? शिवांगी सावकाश शेषेराव सरांकडं वळली. गेली कित्येक वर्षं लातुरात एकही समारंभ सरांच्या सत्काराशिवाय झाला नव्हता.

“सर, तुमच्या घरी शाली असतील ना?”

सरांनी इकडंतिकडं बघितलं, घसा साफ केला आणि खाली मान घालून म्हणाले, “कपाट भरून. एकीचीबी घडी मोडलेली नाही.”