पोचल्याचं कळवायचं असतं

दिवेकर काकांबद्दल लिहिणारा मी कोण, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्याआधी घरात लिहिला गेलेला सगळ्यात मोठा मजकूर म्हणजे ताईची लग्नपत्रिका, आणि तीही छापखान्यानेच जुळवली होती. तरी लिहितो.

अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये काकांच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो आणि ह्यूस्टनला शिकतो. राहायला आलो त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेलो. दुधाच्या कपाटासमोर उभा होतो तेवढ्यात फोन वाजला.

"गणेश, पोचलास का?"

"काका, दूध घेतोय."

"ते नंतर. आधी पोचल्याचं कळवायचं असतं."

काका तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. पाइपातून निघालेलं तेल पलीकडे पोचलं की नाही, हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "पोचणं महत्त्वाचं, मजा काय, होतच असते," असं ते म्हणतात. पाहुणे ऑस्टिनला परत निघाले की काका सोफ्यावर फोन मांडीवर घेऊन बसतात. पाहुणे पोचल्याशिवाय घरात जेवणाची पानं घेतली जात नाहीत. मी त्यामुळे पुष्कळदा उपाशी राहिलो आहे.

असा माणूस यंदा एकटा बँकॉकला निघाला.

बेत मुळात काकूंचा होता. नदीत होड्या लावून फुलं विकणाऱ्या बायका त्यांनी टीव्हीवर पाहिल्या होत्या, त्या प्रत्यक्ष बघायच्या होत्या. मग काकू गेल्या आणि बेत तसाच राहिला. कॅलिफोर्नियातली मुलगी, नेहाताई, फोनवर म्हणाली, "बाबा, मी येते ना सोबत. सुट्टी अरेंज करते."

"तू आलीस तर मला तुझी काळजी करावी लागेल," काका म्हणाले. "ट्रिप माझी आहे."

त्यांनी बँकॉकचा अभ्यास परीक्षेसारखा केला. राजवाड्यात गुडघे झाकलेले लागतात म्हणून शिंप्याकडून पँटी लांब करून घेतल्या. दोन्हीकडचं घड्याळ बरोबर बारा तासांनी वेगळं, याचा त्यांना फार आनंद झाला. "काट्यांना हात लावायचा नाही. नुसतं दिवसाला रात्र म्हणायचं."

खरी भीती चपलांची होती. देवळाबाहेर काढलेल्या चपला परत मिळतील का? हे विचारायला ते मला घेऊन जवळच्या थाई हॉटेलात गेले, मालकीणबाईंना वाकून नमस्कार केला आणि प्रश्न टाकला. बाई निघाल्या व्हिएतनामच्या. बँकॉक त्यांनीही पाहिलं नव्हतं. पण काकांचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, जुन्या घालून जा.

"अनुभवी बाई आहे," काका गाडीत म्हणाले.

दुसरी भीती मेतकुटाची. "पिवळी पूड बघून विमानतळावर धरलं तर?"

"मग नका नेऊ, काका."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पासपोर्ट ठेवून जा म्हणालो.

निघायच्या दिवशी मी बॅगा गाडीत ठेवून आत आलो, तर काका ओट्यापाशी उभे. डाव्या हातात दह्याचा चमचा, उजवा तळवा पुढे.

"स्वतःच स्वतःच्या हातावर घातलेलं चालतं का रे?"

"द्या इकडे," म्हणालो आणि चमचा घेतला. त्यांनी दही चाटलं, हात धुतला, आणि मला कामं सांगितली: तुळशीला पाणी, आणि काकूंचा फोन चार्जिंगला लावायचा. तो फोन अजून मिक्सरशेजारीच असतो. "बॅटरी उतरली की फोन खराब होतात," एवढंच ते त्याबद्दल बोलतात.

विमान उतरल्याचं मला इंटरनेटवर दिसलं. काकांचा निरोप मात्र आला नाही. मी ऑनलाइन विचारत राहिलो, माझे मेसेज तिकडे पोचतच नव्हते. फोन लावला तर उचलत नव्हते. दुसरा दिवसही तसाच गेला. जगाला पोचल्याचं कळवायला लावणारा माणूस गप्प होता, आणि मी पान न वाढता सोफ्यावर फोन मांडीवर घेऊन बसलो. शेवटी नेहाताईला फोन केला.

"मलाही काही नाही," ती म्हणाली. "रोमिंग नको म्हणून इंटरनेट लावणार नाहीत, ते ठीक. पण साधा टेक्स्ट तरी? आता हॉटेललाच कॉल करते."

तिने फोन ठेवला. दुसरं काही सुचेना म्हणून मी सांगितलेली कामं करायला उठलो. तुळशीला पाणी घातलं. मग काकूंच्या फोनला वायर लावली आणि पडदा उजळला. आवाज बंद होता, म्हणून कळलं नव्हतं. काकांचे साधे टेक्स्ट एकाखाली एक आले होते.

"पोचलो."

"मेतकूट कोणी धरलं नाही."

"देवळात जाऊन आलो. चपला जागेवर."

"होडीतल्या बायका पाहिल्या. कमळं विकतात. तुला आवडली असती."

मी ओट्याला टेकून तिथेच उभा राहिलो. माणूस सुखरूप होता, आणि त्याच्या हिशेबी घरी कळवूनही झालं होतं. नेहाताईला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, ते निरोप पुन्हा एकदा वाच.

मग मी माझ्या फोनवरून काकांना साधा मेसेज केला, "काका, घरी कळलं." आणि पान वाढून घेतलं.