सात मिनिटांची हवाई सेवा

दोन बेटांवरच्या विमानतळांमधलं हवाई अंतर पस्तीस किलोमीटर असून प्रवासास सात मिनिटे लागतात, असं विमान कंपनीने जाहीर केलं होतं. त्या शब्दावर विसंबून शिंपीकाका विमानात बसले. पलीकडच्या बेटावर त्यांच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. "आई नाही, बाबा. निदान तुम्ही तरी दाराबाहेर पाहिजे," एवढंच ती फोनवर बोलली होती. काकांनी अर्धवट शिवलेला कोट मशिनवर तसाच टाकला आणि विमानतळ गाठला.

विमान वेळेवर उडालं आणि वेळेवर पोचलंही. फक्त उतरलं नाही.

कारण तोवर हवाई सेविकेचं स्वागताचं निवेदनच संपलं नव्हतं. लांबच्या मुख्य कार्यालयाने नियम केले होते ते महासागर ओलांडणाऱ्या विमानांसाठी. आधी दोन भाषांत निवेदन, मग ओला रुमाल, मग चहा. आणि सेवा पूर्ण होण्याआधी विमान उतरवणं म्हणजे प्रवाशांच्या हक्कांवर गदा. वैमानिक मुकाट्याने बेटाभोवती घिरट्या घालू लागला.

खाली इस्पितळाची गच्ची स्वच्छ दिसत होती. तिथे जावई कपाळावर आडवा हात धरून आभाळात सासरे शोधत होता.

"बाई, माझी लेक अडलीय हो खाली," काका सेविकेला म्हणाले.

"काका, मला कळतंय हो. पण एकाच्याही हातात भरलेला कप असला, तर चाकं खाली घेता येत नाहीत."

काकांनी आपला चहा घटाघटा संपवला, जीभ पोळून घेतली आणि उभं राहून हात जोडले. "मंडळी, जरा लवकर आटपा. मुलीचं बाळंतपण आहे."

मंडळी कळवळली. "पहिलटकरीण ना? मग वेळ लागतो. बसा निवांत," एक बाई कपावर फुंकर मारत म्हणाल्या. खिडकीजवळच्या तरुणाला आणखी एकच फेरी हवी होती. ऊन त्याच्या बाजूला आलं की फोटो झकास येणार होता. काकांच्या पुढच्याच सीटवरच्या सुटातल्या गृहस्थांनी तर दुसरा कप मागवला.

"साहेब, पाया पडतो," काका म्हणाले.

"चहा तिकिटात धरलाय," गृहस्थ म्हणाले. "सात मिनिटांत उतरवून लुबाडतात हो हे लोक. मी तक्रार केली म्हणून तर चहा सुरू झाला!"

त्यांनी बिस्किट बुडवलं. विमान वळलं.

पुढच्या फेरीला गच्ची रिकामी होती. त्याच्या पुढच्या फेरीला जावई दोन्ही हात वर करून नाचत होता. मुलगा की मुलगी, लेक कशी आहे, काही कळेना. पण काका आजोबा झाले होते, हवेत, पट्टा बांधून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आनंदाप्रीत्यर्थ पुन्हा चहा फिरला.

शेवटी एकदाचं विमान टेकलं. चाकं धावतायत तोच सगळे ताडकन उभे राहिले. वरच्या कप्प्यांतून बॅगा धपाधप खाली आल्या. काका पुढे सरकू लागले, तर सुटातल्या गृहस्थांनी कोपर आडवं घातलं.

"ओ आजोबा, ढकलू नका. इथे प्रत्येकाला घाई आहे!"

दार उघडायला अजून बराच अवकाश होता. माना वाकड्या करून, बॅगा छातीशी कवटाळून, एकमेकांच्या पायांवर पाय देत सगळे उभे होते. ही मंडळी कोण, म्हणून काय विचारता? आपणच होतो.