गार्डाच्या डब्यातला शिधा

आण्णाप्पा हलगेकरांच्या गाडीला गार्डाचा डबा तेवढा राहिला होता. इंजिन होतं, नऊ डबे होते, आणि सगळं जाड कागदाचं. छापील नमुना आणायचा, पात्यानं कापायचा, शाई संपलेल्या बॉलपेननं घडीच्या रेघा दाबायच्या आणि गव्हाच्या पिठाची खळ लावून एकेक भिंत उभी करायची. खिडकीच्या गजापासून पायरीपर्यंत सगळं जागच्या जागी. ही गाडी जेवणाच्या टेबलावर उभी असायची, म्हणून आण्णाप्पा ताट मांडीवर घेऊन जेवायचे. एकट्या माणसाचं ताट, ते कुठंही मावतं.

तेहतीस वर्षं त्यांनी लोंढा-मिरज मार्गावर गार्डाची नोकरी केली, म्हणजे तेहतीस वर्षं शेवटच्या डब्यात एकटं बसून काढली. निवृत्त झाल्यावर बायकोपाशी बसून पोटभर बोलायचं ठरवलं होतं. पण पेन्शनीचे कागद मार्गी लागेपर्यंत बाळाबाईच गेल्या. अनगोळातल्या त्यांच्या घराला सगळी गल्ली 'बाळाक्काचं घर' म्हणायची. बाळाक्काचा नवरा फारसा कुणी पाहिलेलाच नव्हता. पुण्याच्या लेकीनं, प्रियदर्शनीनं, "बाबा, हातांना काहीतरी चाळा पाहिजे," म्हणून कागदी आगगाडीचे नमुने फोनवर पाठवायला सुरुवात केली, आणि आण्णाप्पा ते खडेबाजारातून छापून आणू लागले.

दुसरा नाद कीर्तनाचा. पण तिथंही एक खंत होती. पूर्वरंगातलं निरूपण मन लावून ऐकायचं, मधला गजर टाळ्यांनी दणाणून सोडायचा, उत्तररंगातलं आख्यान सुरू झालं, कथा ऐन रंगात आली, की घड्याळ बघून उठायचं आणि स्टेशन गाठायचं. एकाही कथेचा शेवट म्हणून त्यांना माहीत नव्हता. कितीतरी भक्त त्यांच्या मनात अजून संकटातच अडकून पडले होते. आता वेळच वेळ होता, पण बाळाबाई गेल्यापासून दोन वर्षं देवळाच्या कीर्तन सप्ताहाची पत्रिकाच घरी आली नव्हती. आणि पत्रिकेशिवाय जायला आण्णाप्पांचा पाय उचलत नसे.

म्हणून सोमवारी छापखान्यातून आणलेली गुंडाळी सोडली, आणि आत गार्डाच्या डब्याऐवजी सप्ताहाची पत्रिका निघाली, तेव्हा त्यांनी ती तीनदा वाचली. मग लेकीला फोन लावला.

"प्रियू, पत्रिका आली."

"कुणाच्या लग्नाची?"

"लग्नाची न्हवं गं. सप्ताहाची. मला आली."

"बरं झालं बाबा. जा आता, नुसतं घरात बसू नका."

देवस्थान कमिटीनं आपल्या गुंडाळीतून आठवणीनं पत्रिका पाठवली आणि त्या गडबडीत आपला डबा छापखान्यात राहिला, असं आण्णाप्पांनी मनाशी जुळवून टाकलं. छापखान्याच्या अभिनंदनला फोन केला, तर पलीकडून सनईचा आवाज. "अण्णा, मी निपाणीत हाय, चुलतबहिणीचं लगीन! काय ऐकू येईना झालंय! शुक्रवारी बघू!" डबा काय, चार दिवसांनी मिळेल. आण्णाप्पांनी पत्रिकेची घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

गुरुवारी पाच वाजता ते इस्त्रीचं धोतर नेसून देवळात हजर. जाजम अंथरलेलं, पेटी-तबला लागलेला, निपाणीचे बुवा फेटा बांधून उभे. पुजारी गुंडू समईत तेल घालत होता. बाकी कोणी नाही.

"मंडळी येताहेत ना?" बुवांनी विचारलं.

"येतील की," गुंडू म्हणाला. "तीनशे पत्रिका वाटल्यात. घरपत एक."

साडेपाच वाजले. दारात एक कुत्रं येऊन आत डोकावलं आणि परत गेलं. बुवांनी देवाकडं पाहिलं, आण्णाप्पांकडं पाहिलं, आणि म्हणाले, "देवाला पाचची वेळ दिली होती. करूया सुरू."

तेहतीस वर्षं आगगाडी हाकायला मदत केलेल्या माणसाला एकट्यानं अख्खी सभा होणं किती अवघड असतं, हे त्या दिवशी कळलं. "सज्जनहो!" म्हणून बुवांनी हात पसरले आणि मग जरा खाली आणून म्हणाले, "सज्जना." "माझ्या मायमाउल्यांनो," म्हणाले तेव्हा आण्णाप्पांनी उगाच मान डोलावली. पायाला मुंग्या आल्या, पण मांडी बदलावी तर निम्मी सभा उठल्यासारखं दिसायचं. खोकला तीनदा गिळला. गजरात बुवांना सवयीचाच जोर चढला. "आता मागच्या मंडळींनी म्हणायचं!" मागं कुणीच नव्हतं. आण्णाप्पा उठले, खांबापाशी मागं जाऊन "विठ्ठल विठ्ठल" म्हणून आले, आणि पुढं येऊन बसले. तबलजीनं हसू दाबून एक ठेका चुकवला. पण बुवा मात्र हसले नाहीत. एका माणसासाठी ते हजारांपुढं गावं तसं गात होते, आणि आण्णाप्पांचे डोळे भरून आले होते.

उत्तररंग सुरू झाला. कथा एका नावाड्याची. देऊळ नदीच्या पलीकडच्या काठावर. हा जन्मभर लोकांना दर्शनाला पार नेतो, पण आपण कधी देवळाची पायरी चढत नाही. कारण उतरलेल्यांच्या मागं परतीची माणसं नावेत बसलेलीच असतात. आण्णाप्पा पुढं सरकले. नावाडी म्हातारा होतो. एके दिवशी पुराच्या पाण्यात, कुणी घराबाहेर पडू नये अशा वेळी, एक परका माणूस काठावर येतो, नावेत पाय ठेवतो, आणि...

"थांबवा बुवा, थांबवा!"

कमिटीचा सेक्रेटरी नागोजी धापा टाकत आत आला. हातात एक कागदी पेटी होती. तिच्यातून तांदूळ सांडत होते.

"ह्ये काय हाय, कुणी सांगंल का मला?"

आण्णाप्पा ताडकन उठले. "माझा डबा!"

डबाच होता तो. मागचा सज्जा, दिव्याची खुंटी, शेवटच्या भिंतीवरची मोठी फुली, सगळं. फक्त छप्पर उघडं ठेवलेलं आणि आत पावशेर तांदूळ.

छापखान्यातल्या पोराला फोन लावल्यावर हळूहळू उलगडा झाला. निपाणीच्या लग्नाच्या घाईत छापखान्यात दोन कामांचे आकडे उलटे झाले होते. पत्रिका तीनशे आणि गार्डाचा डबा एक, त्याऐवजी डबा तीनशे आणि पत्रिका एक. आकार तोच, कागद तोच. इथल्या रिवाजाप्रमाणं पत्रिका छापखान्यातूनच गुंडाळून, लाल दोरा बांधून यायच्या. आधी त्या देवापुढं ठेवायच्या आणि घरधन्यानं सोडेपर्यंत वाटणाऱ्यानं उघडून बघायची नाही. नागोजीनं रिवाज कडक पाळला होता.

"पण लोकांना कळलं न्हाय व्हय?" गुंडूनं विचारलं.

"कळलं की! तिथंच तर घोटाळा झालाय. मी मागल्या एकादशीला सांगितलोतो, औंदा महाप्रसादाचा शिधा प्लास्टिकच्या पिशवीत चालणार न्हाय. त्यात घरात ह्ये आलं. त्या शाळेच्या मालुबाईंनी गल्लीभर सांगून ठेवलं, कमिटीनं पेट्या पाठवल्यात, आपापल्या घरी चिकटवायच्या आणि भरून आणायच्या. सगळं अनगोळ खळ शिजवून बसलंय बघा! कीर्तनाला कोण येतंय? आज कीर्तन हाय हेच कुणाला ठाऊक न्हाय!"

"फोनवर टाका की तारखा," गुंडू म्हणाला.

"गल्लीतली म्हातारी आप्पालोकं काय म्हणतील? फोनवर बोलवाय देव काय तुझा मित्र हाय व्हय, म्हणतील. पत्रिका पायजे. आणि छापलेली ती एक कुठं उलथलीया कुणाला दक्कल!"

आण्णाप्पांनी आतल्या खिशात हात घातला. जरा वेळ तो तिथंच राहिला. मग घडी बाहेर काढून त्यांनी पुढं केली.

"माझ्याकडं आली."

"बरं झालं, द्या!" नागोजीनं ती जवळजवळ हिसकावलीच. "हीच घेऊन दारोदार वाचून दाखवतो आता."

"म्हणजे," आण्णाप्पा म्हणाले, "मला म्हणून पाठवली नव्हतीसा?"

नागोजी थबकला. "तुम्ही... बाळाक्काच्या घरचं न्हवं? अण्णा, खरं सांगू? आक्का गेल्या तवा घर बंद असंल म्हणून यादीत फुली मारलती. तुम्ही हितंच राहताय व्हय?"

"हितंच राहतो."

समईची वात तडतडली. बुवांनी टाळ खाली ठेवले आणि म्हणाले, "हे आख्यान मी शेवटच्या दिवशी पुन्हा लावतो. आज इथंच राहू दे."

आणखी एक भक्त, हा नावाडी, पुरात अडकून पडला.

दुसऱ्या दिवसापासून देऊळ भरू लागलं, पण पेट्यांनी नवीन पंचाईत केली. तांदूळ भरले की तळ सुटायचा. नागोजीनं सांगून टाकलं, "शेवटच्या घरातल्या गार्डअण्णांना दाखवा." आणि आण्णाप्पांच्या दारात रीघ लागली. पहिल्या आल्या त्या मालुबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. अजूनही समोरचा माणूस चौथीतला असल्यासारख्या बोलायच्या.

"हलगेकर, ह्या पेटीला खाली गोल गोल कशाला दिल्यात?"

"चाकं आहेत ती."

"शिध्याला चाकं?"

"गार्डाचा डबा आहे तो, बाई."

"असंल. मी चाकं केरात टाकली. तळ तेवढा धरंना बघा."

"आणि लहान किती केलीय!" मागून कुणीतरी ओरडलं. "औंदा देव उपाशीच उठणार!"

आण्णाप्पांनी दुहेरी तळ बसवला, कोपऱ्यांना पट्ट्या दिल्या, आणि हात पुसत म्हणाले, "आत या की, बाई. अख्खी गाडी केलीय, दाखवतो."

"आता नको, भात टाकून आलेय."

कुणाचं दूध गॅसवर होतं, कुणाला खानापूरची बस गाठायची होती. चार दिवसांत एकसष्ट डबे उंबऱ्यावर दुरुस्त झाले. उंबरा ओलांडून आत कुणीही आलं नाही. शरमेनं काळवंडलेल्या अभिनंदननं डब्याचा नवा कागद घरपोच दिला, तोही दारातूनच. तो टेबलावर तसाच गुंडाळलेला पडून राहिला.

शेवटच्या दिवशी आण्णाप्पा देवळात लवकर गेले. गाभाऱ्यापासून कमानीपर्यंत शिध्याचे डबे रांगेनं मांडले होते. तीनशे गार्डाचे डबे, आणि इंजिन एकही नाही. ते बराच वेळ बघत उभे राहिले. तेवढ्यात गर्दी लोटली आणि त्यांना जागा मिळाली ती पार मागं, चपलांच्या ढिगाशेजारी. पंक्तीची व्यवस्था लावून दमलेला नागोजी त्यांच्या बाजूलाच येऊन टेकला. पलीकडं मालुबाई.

बुवांनी शब्द पाळला. नावाडी आला, नदी आली, पूर आला. परक्या माणसानं नावेत पाय ठेवला, आणि आण्णाप्पांची मान हळूच नागोजीच्या खांद्यावर कलली.

"झोपले व्हय?" मालुबाईंनी कुजबुजत विचारलं.

"झोपू द्या. चार दिवस डबं चिकटवून दमल्यात."

"अहो, पण कथा? त्या दिवशी तुम्हीच अर्ध्यात तोडलीसा."

"मग सकाळी घरी जाऊन सांगू की त्यांना. तुम्ही बी या, गुंडूलाबी घेऊ."

नागोजीचा हात बधिर झाला तरी आरती होईपर्यंत त्यानं खांदा हलवला नाही.

सकाळी नऊला तिघं आली. आत आली. बसली. टेबलावर गाडी असल्यानं चहाचे कप हातातच धरावे लागले, आणि हातात कप म्हणजे उठता येईना. गुंडू खिडक्यांचे गज मोजत बसला. मालुबाईंनी इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि "आमच्या पेटीपेक्षा नीट जमलंय," असं प्रमाणपत्र दिलं.

"तर कथा," नागोजीनं घसा साफ केला. "तो परका माणूस म्हंजे देव. त्यानं वल्हं हातात घेतलं आणि नावाड्याला पार नेलं."

"काहीतरी काय!" गुंडू म्हणाला. "नाव बुडाली. बुडाली म्हणूनच मुक्ती मिळाली."

"मुक्ती तुला मिळंल, घाई करू नको. तू तर निम्मा वेळ नैवेद्याच्या मागं होतास," मालुबाई म्हणाल्या. "मी नीट ऐकलंय. देव पलीकडं उतरला, त्यानं देवळाचं दार उघडलं आणि नावाड्याला हाक..."

"उतरला न्हाईच तो!" आण्णाप्पा म्हणाले. "नावाडी म्हणतो, काठ आला, उतरा, आणि तो म्हणतो, मला उतरायचंच..."

आण्णाप्पांनी बिस्कीट तोंडात कोंबलं.

"तुम्हाला काय ठाऊक?" मालुबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही तर घोरत होता."

"व्हय व्हय. आपलं मनानंच म्हटलं."

आण्णाप्पा घोरले होते, हे खरं. चांगले दोनदा घोरले होते. डोळे मिटले होते ते कथा मनात साठवून घ्यायला. झोप औषधालाही नव्हती. मान कलली ती भरून आल्यामुळं. उठून नीट बसणार, इतक्यात 'सकाळी घरी जाऊन सांगू' हे शब्द कानावर पडले, आणि मग आरतीची घंटा कानाशी वाजली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. देवाच्या दारात, भर कीर्तनात, साठी उलटलेल्या माणसानं झोपेचं सोंग घेतलं. त्याबद्दल त्यांनी पांडुरंगाची माफी तिथंच, मिटल्या डोळ्यांनी, मागून टाकली होती.

"तसं न्हाय ते," नागोजी हट्टाला पेटला. "वल्हं देवानंच घेतलं. थांबा, मी पहिल्यापासनं सांगतो."

"सांग, सांग. मी चुका काढते," मालुबाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

आण्णाप्पांनी चहाचं आधण परत चढवलं.

"पहिल्यापासनंच सांगा," ते आतून म्हणाले. "मला काय म्हणजे कायच ठाऊक न्हाय."