मधली बारा मिनिटं

पोलीस शिपाई पेसामिनोच्या लागोपाठ तीन अहवालांवर इन्स्पेक्टर आपेरामो यांनी लाल शाईने एकच शेरा मारला होता : "मधल्या वेळात काय केलंस?" चौथाही परत आला असता तर हवालदार व्हायचं स्वप्न सोडून द्यावं लागलं असतं. म्हणून त्याने चंग बांधला, की आता मिनिटन् मिनिट वहीत उतरवायचं. "जेवताना तरी ती वही खाली ठेवा," असं बायको म्हणाली. त्याने तेही वेळेसकट टिपून ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी सिनिवाआजीचं डुक्कर चोरीला गेलं.

"आजी, काही खूण?"

"मला पाहिलं की कुरकुरतं. आमचे हे होते तसंच."

पेसामिनोने लिहिलं : 'स्वभाव कै. पतीप्रमाणे.'

समुद्राकाठच्या रस्त्यावर त्याला फालानिको दिसला. बगलेत डुक्कर. पेसामिनो धावला, तसा फालानिकोही धावला. दोघांत चार हातांचं अंतर उरलं असेल-नसेल, तेवढ्यात गावात प्रार्थनेचा शंख वाजला आणि चोर-पोलीस दोघेही जागच्या जागी मांडी घालून बसले. सामोआतल्या त्या गावात प्रार्थनेच्या वेळी कोणी चालायचं नाही, कसलं काम करायचं नाही. गावचे तरुण दांडकी घेऊन नाक्यानाक्यावर उभे असतात आणि पोलिसाचा गणवेश बघून कोणाला सूट देत नाहीत.

घराघरांतून स्तोत्रं सुरू झाली. ६:३३. पेसामिनोच्या डोळ्यांपुढे लाल शाई आली. त्याने हळूच वही काढली.

"पूर्ण नाव सांग," तो कुजबुजला.

"डोळे मिटा, दादा. प्रार्थना चाललीय."

"उंची किती?"

"उभा राहिलो की सांगतो."

डुकराला प्रार्थनेचं काही सोयरसुतक नव्हतं. ते बगलेतून सुटलं, दोघांच्या मधून गेलं आणि निवांत घराकडे चालू लागलं. धरायला कोणालाच उठता येईना. पेसामिनोने लिहिलं : '६:४१. मुद्देमाल स्वतःहून घटनास्थळ सोडून गेला.'

६:४५ ला पुन्हा शंख वाजला. फालानिको उठला आणि रिकामे हात पसरून म्हणाला, "बोला दादा. वाटेत सापडलेलं डुक्कर आजीकडं पोचवत होतो. ते आपल्या पायांनी गेलं. माझा काय गुन्हा?"

डुक्कर घरी पोचल्यावर आजीनेही तक्रार मागे घेतली. पण पेसामिनो हटला नाही. रविवारभर बसून त्याने अकरा पानी अहवाल लिहिला आणि सोमवारी वहीसकट साहेबांकडे नेला.

साहेब याच गावचे मानकरी. त्या दिवशी ते गणवेशाऐवजी लुंगीसारखा लावालावा नेसून गावसभेत आपल्या मानाच्या खांबाला टेकून बसले होते. समोर फालानिको अगदी साळसूद चेहऱ्याने बसला होता.

साहेबांनी अहवाल सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला, वहीशी ताडून पाहिला आणि विचारलं, "सही कोणाची?"

"माझीच, साहेब."

"एका मिनिटाची फट नाही. इतका चोख अहवाल मी आजवर पाहिला नाही." त्यांनी काळ्या शाईने 'मान्य' लिहिलं. "हवालदारीची शिफारस उद्याच करतो."

पेसामिनोने आनंदाने आभार मानले. तो उठू लागला.

"बस, बस. हे झालं ठाण्याचं काम," साहेब म्हणाले. "आता गावाचं. प्रार्थनेच्या वेळी एक जण काम करत होता, अशी फालानिकोची तक्रार आहे. आम्हाला पुरावा मिळत नव्हता. तो तू मिनिटासकट आणून दिलास. दंड एक डुक्कर."

पेसामिनोकडे डुक्कर कुठलं? मागे बसलेली सिनिवाआजी म्हणाली, "माझं घेऊन जा. पण मोठ्यानं कुरकुरतं हो, सगळ्या गावाला कळेल."

"मी येतो ना सोबत," फालानिको हळूच पेसामिनोच्या कानाशी लागला. "आजीच्या कुंपणातून ते आवाज न होता कसं काढायचं, मला चांगलं ठाऊक आहे. परवा तसंच काढलं होतं."

पेसामिनोचा हात झटकन खिशाकडे गेला. वही साहेबांच्या मांडीवर होती.